तीन अध्यक्ष, एक बाळ: सेवा क्लबने बालकुपोषणावर हजार दिवस काम कसं करावं

रोटरी असो की लायन्स, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर पडते आणि वर्षभराच्या कामांची यादी वाचली जाते: रक्तदान, वृक्षारोपण, वह्यावाटप, नेत्रतपासणी. त्याच आठवड्यात आमच्या पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, भाताची लावणी चाललेली असते. घरातलं धान्य संपत आलेलं. आई दिवसभर चिखलात वाकलेली, लहानगं मोठ्या बहिणीच्या कडेवर, आणि त्यात पावसाळी जुलाब. मुलांची वजनं घसरतात ती नेमकी याच दिवसांत.

या भागातल्या वावर-वांगणीचं नाव १९९२-९३ मध्ये बालमृत्यूंमुळे राज्यभर गाजलं. तेव्हापासून इथे मदत घेऊन येणाऱ्यांची कमी नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश आहेत. म्हणजे हा प्रश्न फक्त डोंगरातल्या पाड्यांचा नाही. तुमच्या शहरातल्या बांधकामाच्या साइटवर, झोपडपट्टीतल्या अंगणवाडीतही तो आहे.

आमच्या क्लबने सुरुवातीला बऱ्याच चुका केल्या. त्यातून जे शिकलो ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. तुमचा क्लब छोट्या गावातला असला, पंचवीसच सदस्य असले, तरी यातलं बहुतेक सगळं जमण्यासारखं आहे.

पायरी १: आधी तीन अध्यक्षांच्या सह्या घ्या

बाळाच्या वाढीत सर्वांत महत्त्वाचे असतात पहिले हजार दिवस: पोटातले २७० आणि जन्मानंतरची दोन वर्षं, म्हणजे ७३०. या काळात खुंटलेली उंची आणि मेंदूची वाढ पुढे भरून निघणं फार अवघड. आणि क्लबच्या अध्यक्षाचा कार्यकाळ किती? ३६५ दिवस. एका अध्यक्षाने सुरू केलेलं काम दुसऱ्याने गुंडाळलं, तर बाळ अर्ध्या वाटेवरच सुटतं. आमच्याकडे एकदा असंच झालं. जूनपर्यंत नियमाने चाललेली अंडी जुलैपासून बंद, कारण नव्या कार्यकारिणीला शाळेत संगणक द्यायचे होते. ऑगस्टमध्ये मी सहज अंगणवाडीत गेलो, तर एका चिमुरडीने माझ्या पिशवीत हात घालून पाहिला. तिला मी काय सांगणार होतो?

म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करा, आणि त्यावर चालू, येणाऱ्या आणि त्यानंतरच्या अशा तिन्ही अध्यक्षांच्या सह्या घ्या. ठरावात अंगणवाड्यांची नावं, महिन्याची रक्कम आणि तीन वर्षांची मुदत स्पष्ट लिहा. कामाची समन्वयक व्यक्ती वर्षागणिक बदलू नका. आमच्याकडे ही जबाबदारी एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. त्यांच्याकडे वेळ आहे, चिकाटी आहे आणि हिशेबाची वही स्वच्छ आहे.

हे क्लबांना जमत नाही असं कोणी म्हणालं तर पोलिओ आठवून द्या. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह दक्षिण-पूर्व आशियाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. दरम्यान गावोगावचे किती अध्यक्ष आले आणि गेले, पण बूथवर उभं राहणं कोणी सोडलं नाही.

पायरी २: अंगणवाडीताईसमोर बसा आणि ऐका

वेगळं केंद्र काढू नका. गावात ती यंत्रणा आधीच आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत ताजा गरम आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी, तसंच गरोदर आणि स्तनदा मातांसाठी घरी न्यायचा आहार असतो, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात. आदिवासी भागात याशिवाय अमृत आहार योजना आहे. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण आणि मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळतात.

मग क्लबची गरज कुठे? हे ताईच सांगू शकते. आम्ही पहिल्यांदा गेलो ते प्रोटीन पावडरचे खोके घेऊन. ताईंनी पाणी दिलं, खोके कोपऱ्यात ठेवून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका, पण वजनकाटा दोन महिने बंद आहे. आणि गॅस संपला की मदतनीसबाई घरून लाकडं आणतात." त्या दिवशी आमचे डोळे उघडले.

क्रम असा ठेवा. आधी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना क्लबच्या पत्रासह भेटा. त्यांच्या लेखी संमतीशिवाय अंगणवाडीत काहीही वाटू नका, कारण पुढे काही बिघडलं तर जबाब ताईला द्यावा लागतो. मग त्या भागाच्या मुख्यसेविकेशी, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेशी, बोला. सुरुवात तीन-चार अंगणवाड्यांवर करा, जास्त नको. प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण दिवस बसा. काटा बरोबर आहे का, उंची मोजायची साधनं आहेत का, पिण्याचं पाणी कुठून येतं, तीन वर्षांखालची मुलं खरंच येतात का, की त्यांचं टीएचआर घरी सगळ्यांत वाटलं जातं, हे पाहा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. घरात पाच तोंडं असतील तर बाळाचं पाकीट बाळाच्याच वाट्याला येईल अशी अपेक्षा कुठल्या आईकडून करायची?

पायरी ३: मोजमाप शिका, आणि ताईसोबतच करा

दंडघेर मोजायची पट्टी स्वस्त असते आणि अर्ध्या तासात शिकता येते. पण चुकीची मोजली तर धोक्यातलं मूल निसटतं. म्हणून क्लबमधल्या बालरोगतज्ज्ञांकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंकडून एकदा नीट शिकून घ्या.

मूल आईच्या मांडीवर असू द्या. डावा हात कोपरात काटकोनात दुमडा. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनने खूण करा. मग हात सरळ, सैल सोडा. पट्टी खुणेवर गुंडाळा. कातडीला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. पट्टीवरच्या खिडकीतला आकडा मोठ्याने वाचा, म्हणजे ताई लगेच लिहून घेतील.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा आकडा ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम, म्हणजे मॅम. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही मर्यादा लावू नका. त्याच्यासाठी वजन आणि आईचं दूध नीट चाललंय का, हेच पाहायचं.

मला एक हात अजून आठवतो. बाळ दीड वर्षाचं होतं, नाव सांगत नाही. पट्टीवर आकडा आला ११.२. तो दंड माझ्या अंगठ्यापेक्षा थोडासाच जाड होता. त्याची आई मात्र आमच्याकडे हसून पाहत होती, कारण बाळ रडत नव्हतं. रडत नव्हतं म्हणजे शहाणं आहे, असं तिला वाटत होतं. खरं तर त्याच्यात रडायचं बळ उरलं नव्हतं. शांत, मलूल, कशातच रस न घेणारं मूल दिसलं की अगोदर त्याच्याकडे जा.

आणखी एक गोष्ट कधी चुकवू नका: सूज. दोन्ही पावलांवर अंगठ्याने हळू दाबून तीन सेकंद धरा. अंगठा काढल्यावर दोन्ही पायांवर खड्डा राहिला, तर दंडघेर कितीही असो, मूल तीव्र कुपोषित समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. सुजेमुळे अशी मुलं उलट गुटगुटीत दिसतात, म्हणून हमखास सुटतात.

वजन दर महिन्याला त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाची उंची झोपवून मोजतात, मोठ्याची उभं करून. एका महिन्याच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका, वाढीच्या तक्त्यावरच्या रेघेची दिशा बघा. वजन सलग दोन महिने वाढलं नाही, तर मूल मॅममध्ये नसलं तरी घरी जाऊन या.

पायरी ४: कोणतं मूल दवाखान्यात आणि कोणतं गावात

या ठिकाणी उत्साह आवरा. तीव्र कुपोषित मुलाला एकदम पोटभर, तेलकट, गोड खायला घातलं तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. उपासमार झालेलं शरीर हळूहळू सावरावं लागतं आणि ते डॉक्टरांचं काम आहे.

सूज, ताप, सततचे जुलाब किंवा उलट्या, जोरात चालणारा श्वास, झोपाळूपणा, किंवा समोर धरलेलं खाणं तोंडात न घेणं, यांपैकी एकही लक्षण असलेल्या सॅम मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे एनआरसीत, न्यायला हवं. वाहन मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. लक्षणं नसतील आणि भूक चांगली असेल, तर आरोग्य केंद्राच्या तपासणीनंतर गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात त्याला दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खायला मिळतं.

एनआरसीत जायला आया तयार होत नाहीत, आणि "अडाणी आहेत" म्हणून आपण मोकळे होतो. तसं म्हणू नका. तिला दोन आठवडे मजुरी सोडावी लागते. घरी आणखी दोन मुलं आहेत. बुडालेल्या मजुरीपोटी सरकार काही रक्कम देतं, पण ती हातात पडेपर्यंत घर कसं चालायचं? क्लबचा पैसा सर्वांत सार्थकी लागतो तो इथे. आईसोबत जायला एक महिला सदस्य, घरच्या मुलांसाठी पंधरा दिवसांचा शिधा, जाण्यायेण्याची गाडी आणि आईला बदलायला दोन साड्या. आमच्या इनरव्हीलच्या, म्हणजे रोटरीशी जोडलेल्या महिला क्लबच्या, वहिनींनी हे काम उचललं, आणि "नाही" म्हणणाऱ्या आया "कधी निघायचं?" विचारू लागल्या. घरी परतल्यावर पहिला महिना आठवड्यातून एकदा भेट ठेवा. तेवढ्यात मूल पुन्हा घसरायची भीती असते.

पायरी ५: वाटीत काय घालायचं

लहान बाळाचं पोट लहान असतं. किलोमागे साधारण ३० मिली धरलं तर सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम दोनशे मिली मावतं. त्यात पातळ पेज भरली तर पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. म्हणून आयांना एकच कसोटी सांगा: चमचा तिरका केला तर खाणं झटकन ओघळता कामा नये.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पुरे झाले की दुधासोबत मऊ, घट्ट, कुस्करलेलं अन्न: आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. तांदूळ-डाळीची खिचडी तीनास एक प्रमाणात. वाटीत वाढल्यावर वरून एक छोटा चमचा तेल किंवा तूप, ज्याने वाटी तेवढीच राहून ४५ उष्मांक वाढतात. सोबत शेवग्याचा कोवळा पाला चिरून. शेवगा इथे दारोदारी असतो, पण पाला बाळाला चालतो हे पुष्कळ घरांना माहीत नसतं. उकडलेलं अंडं कुस्करून द्या. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि अंड्यात भेसळ करता येत नाही. काही गावांत अंड्याला विरोध होतो. तिथे वाद घालत बसू नका, केळं आणि शेंगदाण्याचा लाडू द्या.

लाडू आम्ही महिला बचत गटाकडून करून घेतो. प्रमाण असं: भाजून सोललेले शेंगदाणे १ किलो, गूळ अर्धा किलो, भाजलेलं नाचणीचं पीठ पाव किलो. दाण्यांचं तेल सुटेपर्यंत बारीक कूट करून सगळं एकत्र मळायचं. २५ ग्रॅमचे साधारण ७० लाडू होतात. एका लाडवात १२० च्या आसपास उष्मांक आणि जवळपास चार ग्रॅम प्रथिनं मिळतात. दोन वर्षांखालच्या बाळाला लाडू दुधात कुस्करूनच द्या, कारण अख्खा किंवा भरड दाणा घशात अडकतो. खवट किंवा बुरशी लागलेले दाणे निवडून फेकायचे, त्यात काटकसर नको.

जुलाब सुरू झाले की खाणं बंद करायची रीत अजून घरोघरी आहे. उलट सांगायचं: दूध आणि खाणं चालू ठेवा, ओआरएस द्या, आणि आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन १४ दिवस पूर्ण करा.

पायरी ६: या तीन गोष्टी करू नका

दूध पावडरचे डबे आणि बाटल्या वाटू नका. बाळाच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर आणि दुधाच्या बाटल्या अनाथालय सोडून कोणालाही दान करायला १९९२ च्या कायद्याने मनाई आहे. कारण साधं आहे. आईचं दूध मागे पडतं, डबा संपला की पावडर पाण्यासारखी पातळ होते, आणि न उकळलेल्या बाटलीतून जुलाब लागतात.

लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न लहान मुलांपर्यंत नेऊ नका. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. नोंदणी, तापमान, वेळ हे सगळं सांभाळणारी संस्था गावात असेल तर ते अन्न मोठ्यांसाठी जरूर द्या. कुपोषित मुलाला मात्र एका विषबाधेचीही मुभा नसते.

आणि फोटो. बॅनरमागे उघड्या अंगाची मुलं उभी करून काढलेला फोटो त्या आईला आयुष्यभर खुपतो. लाडू वळणारे हात, काटा, वही यांचे फोटो काढा. वृत्तपत्रात तेच द्या.

पायरी ७: दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे लक्ष

भात कापला की कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात ती शिमग्याला किंवा थेट पावसाच्या तोंडावर परततात. वर्षभराची मेहनत इथे वाया जाते. दिवाळीआधी ताईंसोबत बसून कोण कुठे जाणार याची यादी करा. यादीतल्या प्रत्येक आईच्या हातात बाळाचं वजन आणि दंडघेर लिहिलेलं कार्ड द्या. जिथे जाणार तिथल्या जवळच्या अंगणवाडीत तिचं नाव घालता येतं, आणि रेशनकार्डावरचं धान्यही दुसरीकडच्या दुकानात मिळू शकतं, हे तिला समजावून सांगा. त्या गावात आपल्याच जिल्ह्यातला दुसरा क्लब असेल तर त्याच्या सचिवाला फोन करा. क्लबांचं एवढं मोठं जाळं असतं, ते या कामासाठी वापरायला हवं. आमच्या यादीतल्या मुलांना भिवंडीच्या बाजूच्या एका क्लबने महिन्यातून दोनदा जाऊन पाहिलं. त्यासाठी एकही रुपया खर्च झाला नाही.

पायरी ८: शाळेतली मुलं

सहा वर्षांवरच्या मुलांसाठी शालेय पोषण आहार आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यात भर घालायची तर तिथी भोजनाची सोय आहे: वाढदिवस, पुण्यतिथी अशा दिवशी सदस्याने शाळेच्या जेवणाला फळ, अंडं, उसळ, गोड पदार्थ जोडायचा. मुख्याध्यापकांना आधी विचारा आणि पदार्थ तिथेच शिजवून घ्या. सदस्यांच्या वाढदिवसांची यादी तुमच्याकडे असतेच. ती वर्षभर विखरून लावली तर एकाच आठवड्यात तीनदा जिलबी होत नाही.

पायरी ९: पैसे

अंडं ७ रुपयांना धरू. चार अंगणवाड्यांतली ४० मुलं, महिन्याचे २६ दिवस: ७,२८० रुपये, म्हणजे वर्षाला साधारण ८७ हजार. अमृत आहाराच्या भागात फक्त उरलेले दिवस भरायचे, म्हणजे खर्च निम्म्याच्याही खाली येतो. वाचलेले पैसे एनआरसीत जाणाऱ्या आयांसाठी बाजूला ठेवा. वीस सदस्यांनी महिन्याला चारशे रुपये ठरवले तर देणग्या मागत फिरावं लागत नाही, आणि अशाच पैशावर काम तीन वर्षं तगतं. मोठं अनुदान हवं असेल तर वाटा आहेत. रोटरीचं ग्लोबल ग्रँट किमान ३०,००० डॉलरच्या प्रकल्पाला आणि दोन देशांतल्या क्लबांनी मिळून अर्ज केला तर मिळतं. लायन्सच्या फाउंडेशनकडेही भुकेच्या कामासाठी अनुदान असतं. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी घ्यायचा तर क्लबच्या ट्रस्टकडे प्राप्तिकर खात्याची (१२ए, ८०जी) आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाची (सीएसआर-१) नोंदणी हवी. पण पहिल्या वर्षी या मागे लागू नका, आधी वजनाची वही तयार होऊ द्या.

पायरी १०: वही

प्रत्येक मुलाला एक पान. जन्मतारीख, दर महिन्याचं वजन आणि दंडघेर, आजारपण, घरभेटीत काय दिसलं. नावांची यादी ताईंकडेच राहू द्या. क्लबच्या वहीत फक्त क्रमांक असावा. महिन्याच्या सभेत पहिला विषय हाच घ्या आणि तीन आकडे वाचा: किती मुलं सॅममधून वर आली, किती घसरली, किती दिसलीच नाहीत. तिसऱ्या आकड्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. न दिसलेलं मूल बहुधा सर्वांत जास्त अडचणीत असतं.

३० जूनला मावळत्या अध्यक्षांनी येणाऱ्या अध्यक्षांना घेऊन चारही अंगणवाड्यांत जावं, ताईंशी ओळख करून द्यावी आणि वही तिथेच, मुलांसमोर, हातात द्यावी. समारंभ नको, हारतुरे नकोत. गेल्या वर्षी मी त्या वेळी हजर होतो. ११.२ वालं ते बाळ तेव्हा अडीच वर्षांचं झालं होतं. ताईंनी पट्टी लावली, खिडकीत १३.१ दिसलं, आणि नव्या अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने तो आकडा वहीत लिहिला. पट्टी काढेपर्यंत बाळ हात ओढून लाडवाच्या डब्याकडे निघालं होतं.